तळपायाला तंतू लावता, मग बुबुळाला कापूस का नाही?

प्रति,
मधुमेहाच्या तपासणीचे निकष ठरवणाऱ्या तज्ज्ञ समित्या,
आणि ते निकष रोज वापरणारे मधुमेहतज्ज्ञ, फिजिशियन व नेत्रतज्ज्ञ

विषय : मधुमेहींच्या वार्षिक नेत्रतपासणीत कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) समावेश करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मधुमेही माणसाच्या वार्षिक तपासणीच्या कागदावर ‘डोळे’ असा एक रकाना असतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून रेटिनाचा फोटो निघतो, रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने रेटिनाला झालेली इजा, आहे का ते पाहिले जाते, नसली तर रकान्यात ‘सामान्य’ लिहून कागद पुढे सरकतो. रुग्णाला वाटते, डोळे तपासून झाले. फिजिशियनही तो कागद वाचून तेच धरून चालतात. प्रत्यक्षात तपासलेला असतो तो डोळ्याचा मागचा पडदा. तिथवर पोचायला ज्याच्यातून आरपार पाहिले, त्या कॉर्नियाकडे कोणी पाहिलेले नसते.

मी टाइप २ मधुमेहाची जुनी रुग्ण आहे. रेटिनाचे फोटो वेळच्या वेळी काढत आले आणि त्यात आजवर काही निघालेले नाही. तरीही माझ्या उजव्या डोळ्याच्या कॉर्नियावर आज एक पांढरट डाग आहे आणि चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी त्या डोळ्याने अक्षरे फुटकीच दिसतात. आधी डोळा कोरडा पडला. मग वरच्या थरावर एक लहानसा ओरखडा आला. तो भरेना, आणि अखेर भरला तेव्हा व्रण ठेवून गेला. या सबंध काळात डोळा म्हणावा तसा दुखला नाही. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न ‘दुखतंय का?’ हाच. मी खरे तेच सांगत होते, ‘नाही.’ आणि त्या उत्तरावर विषय मिटत गेला.

कोणा दवाखान्याचे किंवा डॉक्टरांचे नाव मी घेणार नाही. त्यांनी छापील निकषांनुसार जे करायचे ते केले. निकषांतच कॉर्निया नाही, म्हणून हे पत्र निकष लिहिणाऱ्यांना आहे. आणि ते खुले आहे, कारण आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२४ सालच्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ वयाचे ५८.९ कोटी लोक मधुमेहासह जगत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना हा रकाना अर्धाच भरलेला असतो हे ठाऊकही नसेल.

पुढचे दोन-तीन परिच्छेद आपल्याला नवे नाहीत. ते इतर वाचकांसाठी आहेत. आपण भरभर वाचले तरी चालेल.

कॉर्निया, म्हणजे पारपटल, हा डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक भाग. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून रेटिनावर आणण्याचे जवळजवळ दोनतृतीयांश काम तो एकटा करतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो इतका स्वच्छ राहतो. प्राणवायू त्याला अश्रूंमार्फत हवेतून मिळतो आणि ग्लुकोज आतल्या बाजूच्या पाण्यातून. ‘रक्तवाहिन्याच नाहीत, तर मधुमेह तिथे पोचणार कसा?’ असे मला बऱ्यापैकी शिकलेल्या लोकांनीही विचारले आहे. रक्तातली साखर चढली की डोळ्यातल्या त्या पाण्यातही चढते आणि अश्रूंतही. कॉर्नियाला बाजूला व्हायला जागा नसते.

त्यातून हा शरीरातला सर्वांत दाट मज्जातंतूंचा भाग. त्वचेच्या तुलनेत ३०० ते ६०० पट दाट, असे नेत्रवैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेले असते. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या वरच्या फांदीतून हे तंतू येतात आणि कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या थराखाली, म्हणजे एपिथेलियमखाली, जाळे विणतात. डोळ्यात कुसळ गेले की क्षणात पापणी मिटते आणि पाणी वाहू लागते, ते यांच्यामुळे. शिवाय या तंतूंमधून सबस्टन्स पी सारखी द्रव्ये वरच्या थराच्या पेशींना मिळत राहतात आणि त्यांच्यावर त्या पेशींची वाढ, झीज भरून येणे, जखम मिटणे अवलंबून असते. निरोगी डोळ्यात पाच ते सात पेशींइतका जाड असलेला हा थर साधारण ७ ते १० दिवसांत सगळाच्या सगळा नवा होतो. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो तो याच वेगामुळे.

साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की हे सगळे हळूहळू बिघडते. पेशींत सॉर्बिटॉल साचतो, प्रथिनांना साखर चिकटून ती कडक होतात, तंतू बारीक आणि विरळ होत जातात. एपिथेलियम ज्या पायावर बसलेले असते ते बेसमेंट मेम्ब्रेन जाड होते, पण थराला खाली धरून ठेवणारे बारीक धागे पूर्वीइतके खोल रुजत नाहीत. ओल आलेल्या भिंतीवरून रंगाचा पोपडा सुटावा तसा हा थर किरकोळ धक्क्यानेही सुटतो, आणि सुटल्यावर पुन्हा नीट बसत नाही. अश्रू कमी होतात, कारण डोळा कोरडा पडल्याचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतूच मंदावलेले असतात. अगदी आतल्या बाजूला एंडोथेलियम नावाचा एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो. कॉर्नियातले जास्तीचे पाणी सतत बाहेर टाकून तो त्याला पारदर्शक ठेवतो. माणसाच्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. गेल्या त्या गेल्या. मधुमेहात त्यांचा षटकोनी आकार बिघडतो, लहानमोठ्या पेशींची सरमिसळ होते आणि कॉर्निया किंचित जाड होतो. कॉर्निया जाड असला की डोळ्याचा दाब मोजताना आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, ही गोष्ट काचबिंदूची भीती घातल्या गेलेल्या मधुमेहींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मधुमेहींपैकी ४७ ते ६४ टक्के लोकांच्या कॉर्नियात आजाराच्या ओघात काही ना काही बिघाड होतो, असा आकडा नेत्रवैद्यकाच्या लेखांत वारंवार येतो. यांतल्या बहुतेकांचे काम थोड्या कोरडेपणावर किंवा बारीक ठिपक्यांवर भागते, हे मान्य. पण ज्या गुंतागुंतीला स्वतंत्र नाव आहे, डायबेटिक केराटोपॅथी, आणि जी जवळपास निम्म्या रुग्णांना शिवून जाते, तिच्यासाठी तपासणीच्या कागदावर एक ओळही नसावी?

आता तक्रारी.

पहिली तक्रार पायाबद्दल आहे, म्हणजे पायाच्या निमित्ताने डोळ्याबद्दल. मधुमेहात पायाची संवेदना जाते, रुग्णाला जखम कळत नाही, कळत नाही म्हणून ती वाढते, हे आपण सर्वांनी इतके पक्के मनावर घेतले आहे की दरवर्षी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, तळपायाला टेकवून ‘जाणवतंय का?’ असे विचारणे निकषांत आहे. १२८ हर्ट्‌झचा ट्युनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा चिमटा, अंगठ्याला लावणेही आहे. यामुळे किती पाय वाचले असतील! रुग्ण म्हणून मी त्याबद्दल ऋणी आहे. पण तोच आजार, तेच तंतू निकामी होणे, तीच न दुखणारी जखम जेव्हा डोळ्यात होते, तेव्हा तिथे साधा कापसाचा धागाही कोणी लावून पाहत नाही. तपासणी अवघड आहे म्हणावे तर तसेही नाही. स्वच्छ कापसाचा टोकदार केलेला धागा बाजूने आणून कॉर्नियाला हलकेच टेकवायचा, पापणी मिटते का पाहायचे, दोन्ही डोळ्यांची तुलना करायची. मोजूनच पाहायचे असेल तर कोशे-बोने यांचे एस्थेसिओमीटर आहे. त्यात नायलॉनचा एक तंतू ६० मिलिमीटरपर्यंत लांब करता येतो. लांब असताना तो मऊ असतो, आखूड करत गेले की ताठ होतो, आणि रुग्णाला तो किती लांबीवर जाणवला त्यावरून संवेदना कळते. तत्त्व तळपायाच्या मोनोफिलामेंटचेच.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. कॉर्नियाचे तंतू जिवंत माणसाच्या शरीरात, काही न कापता, नुसते पाहता येतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोप कॉर्नियासमोर धरला की ते जाळे पडद्यावर दिसते, मोजता येते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००३ मध्येच दाखवले की मधुमेही न्यूरोपॅथी, म्हणजे मधुमेहाने नसा निकामी होणे, जसजशी वाढते तसतसे हे तंतू घटत जातात. नंतरच्या अभ्यासांत तर पायाच्या तपासण्या अजून ठीक येत असताना, आणि काही वेळा साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतानाच, कॉर्नियातले तंतू विरळ झालेले दिसले. म्हणजे अंगभर पसरणाऱ्या न्यूरोपॅथीची खूण ज्या जागी लवकर आणि विनासुई दिसू शकते, ती जागा आपल्या निकषांतून वगळलेली आहे. प्रत्येक दवाखान्यात कॉन्फोकल यंत्र हवे असे मी म्हणत नाही. ते महाग आहे आणि चालवायला सराव लागतो. पण कापूस?

दुसरी तक्रार तपासणीच्या क्रमाची. ही बारीक वाटेल, पण सगळे इथेच बिघडते. रुग्ण खुर्चीत बसतो न बसतो तोच डोळ्यात थेंब पडतात. दाब मोजण्यासाठी बधिर करणारा थेंब, मग बाहुली मोठी करणारा थेंब. बधिर केलेल्या कॉर्नियाची संवेदना तपासण्यात काय अर्थ? कोरडेपणाची तपासणीही त्यानंतर भरवशाची राहत नाही, कारण ते थेंब स्वतःच वरच्या थरावर ठिपके उमटवू शकतात. क्रम उलटा हवा. आधी कापूस, मग फ्लुरेसीन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात अश्रूंचा पदर किती सेकंदांत तुटतो आणि थर कुठे सोललेला आहे ते पाहणे, आणि मग बाकीचे थेंब. अश्रूंचा पदर १० सेकंदांच्या आत तुटत असेल तर तो कच्चा. हे सगळे करायला यंत्र नवे लागत नाही. डोळा मोठा करून दाखवणारा स्लिट लॅम्प समोरच उभा असतो.

तोही आता दूर होत चालला आहे, ही तिसरी तक्रार. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१८ मध्ये रेटिनोपॅथी स्वतःच ओळखणाऱ्या पहिल्या संगणकीय प्रणालीला परवानगी दिली. डॉक्टरांनी फोटो पाहायची गरज नाही, प्रणाली सांगते की पुढे पाठवायचे की नाही. ज्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञ पोचत नाही तिथे याने माणसांची दृष्टी वाचेल आणि मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण यातून डोळ्यांची तपासणी म्हणजे कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवून काढलेला फोटो असे समीकरण घट्ट होत आहे. ज्याच्या फोटोत काही निघत नाही, तो स्लिट लॅम्पसमोर वर्षानुवर्षे बसतच नाही. रेटिना चांगला आणि कॉर्निया आजारी, अशी माझ्यासारखी माणसे या चाळणीतून बरोबर गळून जातात. फोटो कॉर्नियातल्या डागामुळे धूसर आला तर प्रणाली ‘प्रतिमा अपुरी’ म्हणेल आणि कोणी तरी डोळा पाहील, एवढीच काय ती आशा. तोवर डाग पडून गेलेला असणार.

चौथी तक्रार त्या प्रश्नाबद्दल. ‘दुखतंय का?’

कॉर्नियाचा साधा ओरखडा हा माणसाला जेरीस आणणाऱ्या दुखण्यांपैकी आहे, हे ज्याला झाला तो सांगेल. डोळा उघडवत नाही, उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही. म्हणून दुखत नाही म्हणजे फारसे काही नाही, असा अंदाज निरोगी तंतूंच्या डोळ्यात बऱ्याच अंशी बरोबर ठरतो. मधुमेही डोळ्यात तो उलटा पडतो. लाल झालेला किंवा धूसर दिसणारा डोळा दुखत नसेल तर तिथे जास्त काळजी घ्यायची, कारण राखण करणारे तंतूच गेले असण्याची शक्यता असते. याला न्यूरोट्रॉफिक केराटोपॅथी म्हणतात आणि तिच्या तीन पायऱ्या आपल्याला पाठ आहेत. पहिलीत वरच्या थरावर ठिपके आणि थर खडबडीत. दुसरीत थर एका जागी पूर्ण सुटतो, जखमेच्या कडा गुळगुळीत होऊन गुंडाळल्यासारख्या दिसतात आणि ती भरायचे नाव घेत नाही. तिसरीत खालचा भाग वितळू लागतो आणि कॉर्नियाला आरपार भोक पडू शकते. या तिन्ही पायऱ्या माणूस फारसे न कण्हता उतरू शकतो. मी तिसरीपर्यंत गेले नाही, ते माझे नशीब. दुसरीत एका नवख्या डॉक्टरांनी, कोणी सांगितलेले नसताना, डोळ्याला कापूस लावून पाहिला. निकषांत नसलेली ती गोष्ट त्यांना कुठल्या शिक्षकांनी शिकवली असेल त्यांना माझा नमस्कार.

कोरड्या डोळ्यांच्या प्रश्नावल्यांचेही असेच. डोळे चुरचुरतात का, वाळू गेल्यासारखे खुपते का, किती वेळा? ज्याचे तंतू शाबूत आहेत त्याला हे प्रश्न उपयोगाचे. ज्याचे गेलेत तो सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि त्याचे गुण उत्तम येतात. तक्रारी कमी आणि डोळ्यावर ठिपके जास्त, ही विसंगती मधुमेहींत दिसते हे नेत्रतज्ज्ञ जाणतात. तरीही तक्रार सांगेल त्याचाच डोळा नीट पाहायचा, असा प्रघात चालू आहे.

पाचवी तक्रार शस्त्रक्रियांच्या आधीच्या संमतिपत्रांबद्दल. मधुमेहींवर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया जास्त होतात आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक कॉर्नियाला काही ना काही किंमत मोजायला लावते. मोतीबिंदू काढताना एंडोथेलियमच्या पेशी थोड्या जातातच. मधुमेही डोळ्यात जास्त जातात आणि सूज उतरायला वेळ लागतो. व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, चालू असताना कॉर्नियाचा वरचा थर धूसर झाला तर आतले दिसावे म्हणून तो खरवडून काढावा लागतो, आणि मधुमेह्याचा खरवडलेला थर परत यायला रेंगाळतो. रेटिनोपॅथीसाठी रेटिनावर सर्वदूर लेसर मारतात तेव्हा घड्याळाच्या तीन आणि नऊच्या दिशेने पुढे जाणाऱ्या लांब सिलिअरी नसा भाजल्या जाऊ शकतात आणि कॉर्नियाची संवेदना आणखी घटते. शस्त्रक्रियेनंतर डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक यांच्या जातीचे, सूज व दुखणे कमी करणारे थेंब लिहून दिले जातात. त्या औषधांच्या माहितीपत्रकातच, कॉर्निया वितळण्याचा धोका कोणाला जास्त हे सांगताना, तंतू निकामी झालेला कॉर्निया आणि मधुमेह ही दोन्ही नावे छापलेली असतात. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसरबद्दल तर काय बोलावे! तिथे तंतू कापले जाणे शस्त्रक्रियेचाच भाग आहे. साखर ताब्यात नसलेल्या माणसाला ती करू नये असे सांगितले जाते, पण ताब्यात असलेल्याच्या कॉर्नियातही आधी किती तंतू उरले आहेत ते कोण मोजते?

या शस्त्रक्रिया करू नयेत असे मी म्हणत नाही. लेसरने आणि व्हिट्रेक्टॉमीने असंख्य मधुमेही आंधळे होण्यापासून वाचले आहेत. मला एवढेच हवे आहे की सही घेण्यापूर्वी कॉर्निया तपासलेला असावा आणि कागदावर त्याचे नाव असावे.

सहावी तक्रार थोडक्यात सांगते. मधुमेहींसाठीच्या माहितीपत्रकांत डोळ्यांचे पान असते आणि त्यावर फक्त रेटिना असतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मधुमेह्याला जंतुसंसर्गाचा धोका जास्त आहे, लाल डोळ्यावर स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने टाकू नयेत, बधिर करणारा थेंब कधीही घरी न्यायचा नसतो, दिवसातून अनेकदा टाकायचे थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले असावेत कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह आधीच कमकुवत थराला सोलते. यातले एकही वाक्य मला कुठल्या पत्रकात सापडले नाही. चार वाक्ये आहेत. पानावर मावतात.

आपले आक्षेप मला अंदाजाने माहीत आहेत. रेटिनोपॅथी माणसाला आंधळे करते, म्हणून प्राधान्य तिला, हे बरोबरच आहे आणि तिच्या वाटचा एक मिनिटही कमी करू नका. वेळ नाही म्हणाल, तर कापूस आणि फ्लुरेसीन मिळून लागतो तो वेळ बाहुली मोठी व्हायची वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेच्या एका कोपऱ्यात बसतो. ‘सापडले तरी उपाय काय?’ हा आक्षेप मात्र मी खोडूनच काढणार आहे, कारण तो ऐकून रुग्ण घरी बसतात.

उपाय आहेत आणि बरेच आहेत. पहिल्या पायरीवर प्रिझर्व्हेटिव्हविना कृत्रिम अश्रू, पापण्यांच्या कडांची निगा, आणि घातक थेंब ओळखून बंद करणे. पुष्कळदा एवढ्यावर भागते. दुसऱ्या पायरीवर बँडेज लेन्स, रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब, अ‍ॅम्निऑटिक मेम्ब्रेनचे (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे) आवरण, वेळ पडली तर पापण्या काही काळ अर्धवट शिवून ठेवणे. न भरणाऱ्या जखमांवर इन्सुलिनचेच थेंब वापरून चांगले अनुभव आल्याचे प्रसिद्ध झाले आहे, जे वाचून मला मधुमेही म्हणून हसूच आले. रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना स्टॅनली कोएन यांच्यासह १९८६ चे नोबेल मिळाले ते वाढीच्या घटकांवरच्या संशोधनासाठी, आणि रीटाबाईंनी शोधलेला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर आता सेनेजर्मिन या नावाने डोळ्याचे थेंब म्हणून मिळतो. न्यूरोट्रॉफिक केराटायटिससाठी, म्हणजे वर सांगितलेल्याच आजारासाठी, त्याला युरोपात २०१७ मध्ये आणि अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तो फार महाग आहे. तिथवर जाण्याची वेळ येऊ नये म्हणूनच तर लवकर तपासा म्हणते आहे.

आणि तंतू परत वाढतात. स्वादुपिंड व मूत्रपिंड यांचे एकत्र प्रत्यारोपण झालेल्या टाइप १ मधुमेहींच्या कॉर्नियात, साखर ताळ्यावर आल्यानंतर, तंतू पुन्हा दाट झालेले कॉन्फोकलखाली दिसले आहेत. १९९३ च्या डीसीसीटी (डायबेटिस कंट्रोल अँड कॉम्प्लिकेशन्स ट्रायल) या अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांमध्ये साखर काटेकोर ठेवल्याने न्यूरोपॅथीचा धोका ६० टक्क्यांनी कमी झाला. ते मोजमाप अंगातल्या नसांचे होते, कॉर्नियाचे नव्हे. पण कॉर्नियातले तंतू काही वेगळ्या शरीरातले नाहीत. ‘एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) खाली आणा’ असे मला कायम सांगितले गेले, मूत्रपिंडासाठी, हृदयासाठी, रेटिनासाठी. कॉर्नियासाठी कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर मी अधिक ऐकले असते की नाही ते माहीत नाही, पण सांगायला हवे होते.

जाता जाता एक गोष्ट, कारण हे पत्र वाचून कोणी नेत्रदानाचा अर्ज मागे घेऊ नये. मधुमेहींना नेत्रदान करता येते. काही प्रकारच्या रोपणांत, जिथे दात्याच्या कॉर्नियाचा अगदी आतला पातळ पापुद्राच सोलून घ्यायचा असतो, मधुमेही दात्याचा पापुद्रा सोलताना फाटण्याची शक्यता जास्त असते, हे खरे. तो कॉर्निया कशासाठी वापरायचा ते नेत्रपेढी तपासून ठरवते. अर्ज भरलेला असू द्या.

माझ्या मागण्या अशा :

१. मधुमेहींच्या वार्षिक नेत्रतपासणीच्या निकषांत कॉर्नियाची संवेदना आणि फ्लुरेसीन तपासणी यांचा समावेश करावा. टाइप २ असेल तर निदान होताच, जसे रेटिनासाठी सांगितले आहे तसे.

२. बधिर करणारा थेंब घालण्यापूर्वी या तपासण्या व्हाव्यात, असा क्रम लेखी असावा.

३. ‘डोळे’ हा रकाना मोडून ‘रेटिना’ आणि ‘कॉर्निया’ असे दोन करावेत. ज्या ठिकाणी फक्त फोटो काढला असेल तिथे कॉर्नियासमोर ‘तपासला नाही’ असे लिहावे. रिकामी जागा सोडू नये आणि ‘सामान्य’ तर मुळीच लिहू नये.

४. पायाची संवेदना घटलेली आढळली की त्या रुग्णाला कॉर्निया तपासायला पाठवावे, आणि कॉर्नियाची घटलेली आढळली की पाय तपासायला. मधुमेहतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्यात आज चिठ्ठी जाते ती रेटिनोपॅथीचीच.

५. मोतीबिंदू, लेसर, व्हिट्रेक्टॉमी आणि चष्मा घालवण्याच्या शस्त्रक्रिया यांच्या संमतिपत्रात मधुमेही रुग्णासाठी कॉर्नियाचा वेगळा परिच्छेद असावा, आणि मोतीबिंदूपूर्वी शक्य तिथे एंडोथेलियमची पेशीगणना व्हावी.

६. माहितीपत्रकात ती चार वाक्ये छापावीत. त्यांच्यासोबत पाचवे : डोळा लाल किंवा धूसर असून दुखत नसेल, तर मधुमेह्याने वाट न पाहता दाखवावा.

७. फोटो वाचणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या अहवालावर ‘या तपासणीत कॉर्निया पाहिलेला नाही’ ही ओळ ठळक अक्षरांत असावी.

यांतल्या पहिल्या तीन मागण्यांसाठी कापूस, फ्लुरेसीनच्या पट्ट्या आणि एक सुधारित कागद लागतो. बाकीच्यांसाठी बैठक लागेल, ती घ्या. निकषांची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा कॉर्निया त्यात असावा अशी माझी अपेक्षा आहे. तो घ्यायचा नाही असे आपण ठरवले, तर का नाही हे त्याच आवृत्तीत कारणांसह छापावे. पुरावा अपुरा वाटत असेल तर कोणता पुरावा हवा ते लिहावे. संशोधक तो गोळा करतील आणि आमच्यासारखे रुग्ण आनंदाने खुर्चीत बसतील. उत्तरही या पत्रासारखेच जाहीर द्यावे, ही विनंती.

आपली,
एक मधुमेही रुग्ण